स्पेलिंग बी कशी पाहावी: नव्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, क्वचित जूनच्या पहिल्या एकदोन दिवसांत, ‘स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी’ ही इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि तिचे प्रक्षेपण दूरचित्रवाणीवरून केले जाते. आठवीपर्यंतची मुले एकेकटी ध्वनिक्षेपकासमोर येतात, उच्चारलेला शब्द ऐकतात आणि त्याची अक्षरे क्रमाने तोंडी सांगतात. चुकले की घंटा वाजते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा निव्वळ पाठांतराचा खेळ वाटतो आणि थोड्याच वेळात तो वाहिनी बदलतो, कारण बहुतेक शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात आणि ते त्या मुलाला कसे येतात हे त्याला उमगत नाही. हा लेख अशा प्रेक्षकासाठी लिहिला आहे. त्याने मुलाच्या उत्तराइतकेच, किंबहुना उत्तरापेक्षा अधिक लक्ष मुलाच्या प्रश्नांकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे. ती सवय लागली की पुढचे सारे आपोआप उलगडत जाते.

वेळ आणि वाहिनी आधी ठरवून घ्या

स्पर्धा सहसा लागोपाठ तीन दिवस चालते. पहिल्या दिवशी प्राथमिक फेरी, दुसऱ्या दिवशी उपउपांत्य आणि उपांत्य फेऱ्या, तिसऱ्या दिवशी अंतिम फेरी, असा क्रम अलीकडे रूढ झाला आहे. २०२५ मध्ये २७ ते २९ मे या दिवसांत ती झाली आणि राष्ट्रीय स्तरावर २४३ मुले उतरली होती. अमेरिकेत १९९४ पासून २०२१ पर्यंत ही स्पर्धा ईएसपीएन या खेळांच्या वाहिनीवर दाखवली जात असे. २०२२ पासून ती स्क्रिप्स कंपनीच्याच आयन वाहिनीवर दिसते. ही वाहिनी साध्या अँटेनावर विनामूल्य पकडता येते, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यासाठी केबलचे पैसे भरावे लागत नाहीत.

भारतातून पाहणाऱ्याने घड्याळाचा हिशेब आधी करावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अंतिम फेरी रात्री ८ वाजता सुरू झाली, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडलेली असते आणि घड्याळात ५:३० वाजलेले असतात. सकाळी ८ ची प्राथमिक फेरी आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळी ५:३० ला येते. मे अखेरीस शाळांना सुट्टी असल्यामुळे पहाटेची वेळ मुलांनाही फारशी जड जात नाही. तरीही नवख्या प्रेक्षकाने थेट प्रक्षेपणाचा आग्रह धरू नये, असे मी सुचवेन. यूट्यूबवर मागील वर्षांच्या अंतिम फेऱ्यांचे भाग मिळतात आणि शिकण्यासाठी तेच अधिक उपयोगी पडतात, कारण ते हवे तिथे थांबवता येतात.

प्राथमिक फेरी पहिल्या दिवशी पूर्ण पाहण्याची गरज नाही. शेकडो मुलांना एकेक शब्द देण्यात तास न् तास जातात आणि त्यातले बरेच शब्द आयोजकांनी आधीच जाहीर केलेल्या ४,००० शब्दांच्या यादीतले असतात. नव्या प्रेक्षकाने सुरुवात उपांत्य फेरीपासून करावी. तिथे यादी मागे पडलेली असते आणि शब्द मेरियम-वेबस्टरच्या बृहत्‌कोशातून कुठूनही येऊ शकतो. त्या कोशात पावणेपाच लाखांच्या आसपास नोंदी आहेत. एवढ्या नोंदी कोणीही पाठ करू शकत नाही, म्हणूनच खरा विचार तिथून सुरू होतो.

मंचावर कोण काय करते

मंचावरच्या प्रौढांपैकी एकाचा आवाज आपल्याला सर्वाधिक ऐकू येतो, तो शब्द उच्चारून दाखवणाऱ्या व्यक्तीचा. २००३ पासून हे काम जॅक बेली करत आले आहेत. ते स्वतः १९८० सालचे विजेते आहेत आणि व्हरमाँट विद्यापीठात प्राचीन ग्रीक आणि लॅटिन शिकवतात. मुले त्यांना ‘डॉक्टर बेली’ म्हणून नमस्कार करतात, ते प्रत्येकाला नावाने उत्तर देतात आणि मग शब्द सांगतात. हा शिष्टाचार वरवर छोटा वाटला, तरी घाबरलेल्या मुलाला स्वतःचा आवाज सापडायला त्याची मदत होते. शेजारी बसलेले परीक्षक उच्चारलेले प्रत्येक अक्षर ऐकतात, शंका आल्यास ध्वनिमुद्रण पुन्हा तपासतात आणि चूक झाली की घंटा वाजवतात.

मुलाच्या गळ्यात क्रमांकाची पाटी असते. पुष्कळ मुले त्या पाटीच्या मागे किंवा स्वतःच्या तळहातावर बोटाने शब्द लिहून पाहतात. २००९ ची विजेती काव्या शिवशंकर प्रत्येक शब्द अशीच तळहातावर लिहीत असे. नव्या प्रेक्षकाने या बोटाकडे जरूर पाहावे. बोट थांबले, मागे गेले किंवा एखाद्या ठिकाणी दोनदा फिरले, तर त्या मुलाची अडचण नेमकी कुठल्या अक्षरापाशी आहे हे कळते.

काही नियम आधी माहीत असलेले बरे. उत्तर देण्यासाठी ठरावीक वेळ असतो. मुलाला मध्येच थांबून शब्द पुन्हा पहिल्यापासून सांगता येतो, पण एकदा उच्चारलेली अक्षरे बदलता येत नाहीत. म्हणजे ‘सी’ म्हणून झाल्यावर ‘के’ म्हणायची सोय नाही. त्यामुळेच पहिले अक्षर उच्चारण्यापूर्वी मुले इतका वेळ घेतात. तो वेळ प्रक्षेपणाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

मुलाचे प्रश्न ऐका

शब्द ऐकल्यावर मुलाला काही ठरावीक गोष्टी विचारता येतात: शब्दाचा अर्थ, त्याची व्याकरणातली जात, तो कोणत्या भाषेतून आला, त्याचा दुसरा कोणता मान्य उच्चार आहे का आणि वाक्यात तो कसा वापरला जातो. याशिवाय एक कठीण प्रश्न असतो, मूळ धातूचा. त्यात मुलाने स्वतः मूळ शब्द, त्याची भाषा आणि त्याचा अर्थ सांगून ‘या शब्दात ते मूळ आहे का’ असे विचारायचे असते आणि त्याला फक्त हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. नुसते ‘मूळ काय आहे’ असे विचारता येत नाही. अंदाज आधी मुलानेच बांधलेला असावा लागतो.

यातला सर्वाधिक माहिती देणारा प्रश्न भाषेचा आहे. इंग्रजी शब्दाचा ध्वनी एक आणि स्पेलिंग भलतेच असते याचे मोठे कारण असे की इंग्रजीने अनेक भाषांतून शब्द घेतले आणि बहुधा त्यांची मूळ लेखनपद्धतीही सोबत घेतली. ‘श’ हा एकच ध्वनी घ्या. शब्द जुना इंग्रजी असेल तर एस-एच, फ्रेंच असेल तर ‘शेफ’प्रमाणे सी-एच आणि जर्मन असेल तर ‘श्नित्झेल’प्रमाणे एस-सी-एच अशी अक्षरे संभवतात. ‘क’ ऐकू आला आणि भाषा ग्रीक निघाली तर ‘केमिस्ट्री’तल्यासारखे सी-एच मनात धरावे, जपानी निघाली तर ‘कराटे’तल्यासारखे सरळ के, आणि लॅटिन असेल तर बहुधा सी. शब्दाच्या शेवटी लांब ‘ओ’ असून भाषा फ्रेंच असेल, तर ‘ब्यूरो’च्या शेवटी येणारे ई-ए-यू आठवावे. म्हणून बेली ‘ग्रीक’ असे म्हणतात तेव्हा मुलाचा चेहरा पाहा: त्या एका शब्दाने त्याच्यासमोरच्या दहा शक्यतांपैकी सात-आठ गळून पडलेल्या असतात.

भाषेनंतर मूळ धातू येतो आणि इथे एक उदाहरण मी प्रत्येक नव्या प्रेक्षकाला दाखवीन. २०२३ च्या अंतिम फेरीत फ्लोरिडाच्या देव शाह या मुलाला विजयासाठी ‘सॅमोफाइल’ हा शब्द मिळाला. वाळूत वाढणारी वनस्पती किंवा वाळूत राहणारा जीव असा त्याचा अर्थ. देवने विचारले की यात वाळू या अर्थाचे ग्रीक ‘सॅमो’ आहे का आणि प्रेम या अर्थाचे ग्रीक ‘फाइल’ आहे का. दोन्ही मुळे पक्की झाल्यावर शब्दात गुपित असे काही उरले नाही. ग्रीक ‘सॅमो’ म्हणजे सुरुवातीला न उच्चारला जाणारा पी, मध्ये दोन एम, आणि ‘फाइल’साठी पी-एच. त्याने पी-एस-ए-एम-एम-ओ-पी-एच-आय-एल-ई अशी अक्षरे सांगितली आणि तो जिंकला. त्याला तो शब्द आधी माहीत होता की नव्हता, हा प्रश्न इथे महत्त्वाचा राहत नाही. घराचा पाया आणि भिंती कुठे आहेत हे त्याला बाहेरूनच ओळखता आले.

१९९९ ची विजेती नुपूर लाला हिचा शब्द ‘लॉगोरिया’ होता, म्हणजे थांबता न येणारी बडबड. त्याच्या शेवटी असलेले आर-आर-एच-ई-ए पाहून दचकण्याचे कारण नाही, कारण ‘डायरिया’ या ओळखीच्या शब्दातही वाहणे या अर्थाचे तेच ग्रीक मूळ त्याच अक्षरांनी लिहिलेले असते. अशी दोन-चार मुळे आपल्या वहीत जमली की पुढच्या फेरीत आपणही एखाद्या शब्दाची शेपटी मुलाच्या आधी ओळखतो आणि त्या वेळी होणारा आनंद फार निर्भेळ असतो.

काही शब्दांपाशी मात्र ही सगळी शिस्त थिटी पडते. व्यक्तींच्या नावांवरून बनलेल्या शब्दांना मुळे नसतात, असतात ती फक्त माणसे. त्यात वनस्पतींची शास्त्रीय नावे बरीच येतात आणि मराठी वाचकाला त्यांपैकी काही झाडे अंगणातली निघतात. २०१९ मध्ये एका सहविजेत्याला मिळालेला ‘बूगनव्हिलिया’ म्हणजे आपली बोगनवेल. ते नाव बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीवरून पडले. २०२१ मध्ये झैला अव्हाँ-गार्ड हिने ज्या शब्दावर विजेतेपद मिळवले तो ‘मराया’ हा शब्द कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात परंपरेने येतो आणि तो मरे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आडनावावरून आला आहे. झैलाने नेमके हेच ताडले होते. यात ‘मरे’ हे इंग्रजी नाव आहे का, असे तिने हसत विचारले आणि त्या नावाच्या एका विनोदी नटाची आठवण करून दिली. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन मुलगी ठरली.

वाक्यात उपयोग विचारल्याने स्पेलिंगविषयी फारशी माहिती मिळत नाही. मुले तो प्रश्न बहुधा श्वास घेण्यासाठी विचारतात आणि त्यात गैर काही नाही. अर्थाचा प्रश्न मात्र नेहमी महत्त्वाचा असतो, कारण सारख्याच उच्चाराचे दोन वेगळे शब्द असतील तर त्यांतला फरक अर्थच सांगतो.

कागद घ्या आणि पडद्याचा खालचा भाग झाका

नुसते पाहून ही स्पर्धा कळत नाही, ती सोबत सोडवावी लागते. प्रक्षेपणात प्रेक्षकांच्या सोयीसाठी शब्द पडद्यावर लिहून दाखवतात आणि ही सोयच आपला तोटा करते, कारण लिहिलेला शब्द समोर दिसला की मूल कुठे अडले आहे हे आपल्याला जाणवेनासे होते. म्हणून दूरचित्रवाणी संचाच्या खालच्या भागावर पुठ्ठ्याची पट्टी लावावी किंवा भ्रमणध्वनीवर पाहत असाल तर तळाचा भाग हाताने झाकावा. वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात ऐकलेला उच्चार देवनागरीत लिहावा, दुसऱ्यात भाषा आणि अर्थ, तिसऱ्यात आपला अंदाज. मुलाने पहिले अक्षर उच्चारण्यापूर्वी तिसरा रकाना भरला गेला पाहिजे. नंतर भरला तर तो खेळ राहत नाही, नक्कल होते.

देवनागरीत उच्चार लिहिण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे ऐकलेले नेमके काय आहे हे आपल्याला चटकन नोंदवता येते. पण त्याच वेळी आपल्या कानाला कुठे फसवले जाते हेही लक्षात येते. मराठीत आपण दोन इंग्रजी ध्वनींसाठी एकच ‘व’ वापरतो, त्यामुळे व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक आपल्याला ओठांकडे पाहूनच करावा लागतो. आणखी एक अडचण तर इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही भेडसावते. शब्दाच्या ज्या भागावर उच्चारताना जोर नसतो त्यातला स्वर इंग्रजीत पुसट होतो आणि ‘अ’सारखा ऐकू येतो, तो ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कशानेही लिहिलेला असू शकतो. ‘सेपरेट’ या रोजच्या शब्दात मधले अक्षर ए आहे की ई, याबद्दल शिकलेली माणसेही गोंधळतात. अंतिम फेरीतल्या बहुतेक चुका अशाच पुसट स्वरावर किंवा एखादे व्यंजन एकदा की दोनदा यावर होतात. म्हणून घंटा वाजल्यावर बरोबर स्पेलिंग सांगितले जाते तेव्हा मुलाची चूक कोणत्या अक्षरावर झाली ते वहीत खूण करून ठेवावे. एका संध्याकाळीच खुणांचा नमुना दिसू लागतो.

भाषेचा रकाना भरताना आपल्याकडचे शब्दही भेटतात. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द मराठी-कोकणीतल्या मुंगसावरून गेलेला आहे. हिंदी, संस्कृत, तमिळ, मल्याळम या भाषांतून गेलेले शब्दही इंग्रजी कोशात पुष्कळ आहेत आणि ते रोमन लिपीत कसे लिहायचे याचे नियम एकसारखे नसल्यामुळे ते आपल्याला सोपे जातील असे गृहीत धरू नये.

शब्दकोश हाच अंतिम निर्णय असतो, हेही ध्यानात ठेवावे. २०१३ मध्ये अरविंद महांकाळी या न्यूयॉर्कच्या मुलाने ‘कनेडल’ या यिडिश शब्दावर स्पर्धा जिंकली. त्याआधीची दोन वर्षे तो तिसरा आला होता आणि दोन्ही वेळा जर्मन मूळ असलेल्या शब्दाने त्याला अडवले होते. त्याने सांगितलेले के-एन-ए-आय-डी-ई-एल हे स्पेलिंग कोशाप्रमाणे बरोबर होते, परंतु यिडिश जाणणाऱ्या काही अभ्यासकांनी ते वेगळे असावे असे म्हटले आणि वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. स्पर्धेच्या निकालावर त्याचा परिणाम झाला नाही आणि तो होणेही योग्य नव्हते. मुलांनी ज्या कोशाचा अभ्यास केला त्याच कोशाने त्यांना तोलले पाहिजे.

अर्थाची फेरी

२०२१ पासून मंचावर शब्दार्थाचीही फेरी होते. शब्द वाचून दाखवला जातो आणि दिलेल्या पर्यायांतून अर्थ निवडायचा असतो. ही फेरी आली तेव्हा अनेक जुन्या प्रेक्षकांना ती आवडली नाही, कारण पर्याय निवडण्यात अक्षरे उलगडण्याचे नाट्य नसते. मला ती आवश्यक वाटते. अर्थ माहीत नसताना शब्द ठाऊक आहे असे म्हणता येणार नाही.

या फेरीचे सर्वांत लक्षवेधी उदाहरण २०२२ चे आहे. टेक्ससच्या हरिणी लोगन हिने ‘पल्युलेशन’ या शब्दाचा अर्थ निवडताना परीक्षकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा पर्याय दिला, घंटा वाजली आणि ती मंचावरून गेली. परीक्षकांनी नंतर कोश पुन्हा तपासला, तिचा पर्यायही ग्राह्य ठरू शकतो असा निर्णय दिला आणि तिला परत बोलावले. त्याच रात्री ती विजेती झाली. परीक्षकांनी आपला निर्णय सर्वांसमोर फिरवला, हे मुलांनी पाहण्यासारखे आहे.

शेवट कसा होतो हे समजून घ्या

अंतिम फेरीत मुले कमी होत जातात तसा हिशेब थोडा गुंतागुंतीचा होतो. एका फेरीत उरलेली सगळीच मुले चुकली, तर कोणीही बाद होत नाही आणि ती सर्व पुढच्या फेरीत परत येतात. एकच मूल बरोबर राहिले, तर त्याला आणखी एक शब्द मिळतो आणि तो बरोबर आला की ते विजेते ठरते.

हा नियम किती मोठा फरक पाडतो ते २०२५ मध्ये दिसले. शेवटी तीन मुले उरली होती: फैजान झाकी, सर्वज्ञ कदम आणि सर्व धारवणे. बाकीचे दोघे चुकल्यावर फैजानला ‘कॉमेलिना’ हा शब्द मिळाला. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणारा केना याच प्रजातीतला. फैजानने अर्थ, भाषा काहीही न विचारता घाईने के अक्षराने सुरुवात केली आणि दोन-तीन अक्षरांतच आपली चूक त्याच्या लक्षात आली. शब्दाचे पहिले अक्षर सी आहे, पण उच्चारलेले अक्षर मागे घेता येत नव्हते. तिघेही चुकल्यामुळे स्पर्धा चालू राहिली. पुढे सर्वज्ञ कदम दुसरा आला आणि फैजानने ‘एक्लेर्सिसमाँ’ या फ्रेंच शब्दावर विजेतेपद मिळवले. प्रश्न न विचारण्याची किंमत काय असते, हे या एका प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसेल.

बराच वेळ निकाल लागत नसेल, तर ‘स्पेल-ऑफ’ नावाची फेरी होऊ शकते. त्यात प्रत्येक स्पर्धकाला ९० सेकंद मिळतात आणि तेवढ्यात जितके शब्द बरोबर सांगता येतील तितके सांगायचे असतात. शब्द दोघांनाही तेच आणि त्याच क्रमाने दिले जातात, म्हणून दुसऱ्याला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी बसवतात. २०२२ मध्ये ही फेरी प्रथम झाली. हरिणीने २१ शब्द बरोबर सांगितले, विक्रम राजूने १५. २०२४ मध्ये बृहत सोमाने ३० पैकी २९ बरोबर सांगून ती जिंकली. त्याचा विजयाचा शब्द ‘ॲबसेल’, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणे. सह्याद्रीतले गिर्यारोहक त्याला रॅपलिंग म्हणतात. त्या वर्षी २० शब्दांसह मागे पडलेला मुलगा फैजान झाकीच होता. या फेरीत प्रश्न विचारायला वेळच नसतो, त्यामुळे नव्या प्रेक्षकाने ती शेवटी पाहावी. वेगाने ती मन खिळवून ठेवते, पण मुलाचा विचार कसा चालतो हे तिच्यातून कळत नाही.

ही फेरी का आणावी लागली हे २०१९ ची अंतिम फेरी पाहिल्यावर कळते. मध्यरात्र उलटली तरी आठ मुले चुकेनात, तेव्हा आयोजकांनी आपल्याकडचे पुरेसे कठीण शब्द संपत आल्याचे सांगितले आणि शेवटच्या फेऱ्या पार करणाऱ्या आठही जणांना विजेते घोषित केले. त्या आठांत टेक्ससचा सोहम सुखटणकरही होता.

भारतीय नावे इतकी का दिसतात

मराठी प्रेक्षकाचा हा पहिला प्रश्न असतो. स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. लुईव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’ या वृत्तपत्राने पुढाकार घेऊन पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि फ्रँक न्यूहाउसर ‘ग्लॅडिओलस’ या शब्दावर पहिला विजेता ठरला. भारतीय वंशाचा पहिला विजेता मात्र साठ वर्षांनी, १९८५ मध्ये, बालू नटराजन यांच्या रूपाने आला. १९९९ मधल्या नुपूर लालाच्या विजयापासून २०२५ पर्यंतच्या ३६ विजेत्यांपैकी ३० भारतीय वंशाचे आहेत.

याचे कारण वंशात शोधू नये. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर तिथे गेलेल्या भारतीयांत डॉक्टर, अभियंते आणि शास्त्रज्ञ यांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या घरांत अभ्यासाला वेळ आणि पैसा दोन्ही दिले गेले. शिवाय या समाजाने सरावाची स्वतःची व्यवस्था उभी केली. १९८९ मध्ये स्थापन झालेले नॉर्थ साउथ फाउंडेशन भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते आणि अमेरिकेत भारतीय मुलांसाठी स्पेलिंगसह अनेक विषयांच्या स्पर्धा भरवते; राष्ट्रीय मंचावर पोहोचलेली पुष्कळ मुले आधी तिथे घडलेली असतात. मोठी भावंडे धाकट्यांना शिकवतात, माजी स्पर्धक प्रशिक्षक होतात आणि शब्दांच्या याद्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात. २००९ मध्ये काव्या शिवशंकर जिंकली आणि २०१५ मध्ये तिची धाकटी बहीण वन्या सहविजेती झाली, ही घटना या व्यवस्थेतून समजते.

मुलांसोबत पाहताना

घरातल्या मुलाला सोबत बसवणार असाल, तर पडद्यावरच्या मुलाशी त्याची तुलना करू नका. या मुलांनी कित्येक वर्षे रोज काही तास अभ्यास केलेला असतो. आपल्या मुलाला वहीतला दुसरा रकाना सांभाळायला द्यावा: भाषा कोणती आणि अर्थ काय. स्पेलिंग चुकेल, भाषेचा अंदाज मात्र सात-आठ वर्षांचे मूलही लवकरच बांधू लागते.

घंटा वाजल्यावर प्रक्षेपण लगेच पुढे नेऊ नये. बाद झालेल्या मुलाला बरोबर स्पेलिंग सांगितले जाते, ते मूल आभार मानते, सभागृह टाळ्या वाजवते. रडणाऱ्या मुलाकडे कॅमेरा रेंगाळला, तर आपण नजर त्याच्या शब्दाकडे वळवावी.

पाहण्याचा क्रम मी असा सुचवेन. पहिल्या बैठकीत २०२३ ची अंतिम फेरी पाहावी, कारण मुळांचा उपयोग तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. दुसऱ्या बैठकीत २०२५ ची पाहावी. मग २०२२ ची, अर्थाच्या फेरीसाठी आणि स्पेल-ऑफसाठी. वेळ उरला तर २००४ चा एक प्रसंग शोधावा: अक्षय बुद्दिगा हा मुलगा ‘ॲलोपेकॉइड’ हा शब्द ऐकल्यावर चक्कर येऊन मंचावर कोसळला, लगेच उठून उभा राहिला आणि त्याने त्या शब्दाचे अचूक स्पेलिंग सांगितले. त्या वर्षी तो दुसरा आला. त्या प्रसंगाची चित्रफीत सुरू करण्यापूर्वी तो शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘कोल्ह्यासारखा’ असा आहे, एवढे मुलांना सांगावे आणि आपापल्या वहीत तिसरा रकाना भरायला लावावा.